पासाउ ते व्हिएन्ना, दोन सायकली : निघण्याआधीची यादी

दोघांनी मिळून परदेशात सायकल चालवायची असेल तर याद्या दोन कराव्यात. एक सामानाची, ती सगळेच करतात. दुसरी, कुठली वस्तू कोणाच्या सायकलवर राहणार याची. डॅन्यूबकाठच्या आमच्या प्रवासात जे घोळ झाले त्यातले बरेचसे या दुसऱ्या यादीतले होते. पंप होता, पण तो नवऱ्याबरोबर केव्हाच पुढे निघून गेला होता. कुलपाची किल्ली होती, पण ती बॅगेत होती आणि बॅग गाडीत बसून पुढच्या गावी पोचली होती.

पहिल्यांदाच जात असाल तर जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा रस्ता घ्या. साधारण ३२० किलोमीटर, जवळजवळ सगळा सपाट, आणि बऱ्याच भागात नदीच्या दोन्ही काठांनी सायकलसाठी वेगळी वाट. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोवेलो ६ या लांबलचक सायकलमार्गाचा हा सगळ्यात वर्दळीचा तुकडा. दिशा मात्र पासाउकडून व्हिएन्नाकडे हीच ठेवा. वारा बहुतेकदा पश्चिमेकडून येतो आणि नदीही तुमच्याच बाजूने उतरत असते. उलट दिशेने येणाऱ्यांचे चेहरे बघितले की हे पटतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी तो गेलेला हवा. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, तेव्हा पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. अर्ज कुठल्या देशाकडे, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली, कारण सायकल सुरू होते जर्मनीत. नियम सोपा आहे: ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे. या रस्त्यावर जवळपास सगळ्या रात्री ऑस्ट्रियातच जातात. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो व्हिसापुरता न घेता त्यात सायकलवरचा अपघात धरलाय का, हे बारीक अक्षरात वाचून घ्या, आणि कागद दोघांनी आपापल्याजवळ छापील ठेवा.

सायकल इथून नेण्याचा हट्ट सोडा. पासाउत भाड्याने उत्तम मिळतात आणि व्हिएन्नात परत देता येतील अशी सोयही असते. मात्र बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, फ्रेमचा आकार, त्यासाठी दोघांची उंची आणि पायाच्या आतल्या बाजूचं माप कळवा. दुसरी, वॉल्व्ह कुठला. तिकडच्या भाड्याच्या सायकलींना पुष्कळदा तोच जुना डनलॉप वॉल्व्ह असतो, जो आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींना असायचा. बारीक प्रेस्टा वॉल्व्हचा पंप त्यावर चालतो, मोटरसायकलसारख्या जाड श्रेडर वॉल्व्हचा चालत नाही. तिसरी, मागचा ब्रेक पॅडलचा आहे का.

या तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर. आपल्याला सवय असते, थांबलं की पॅडल उलटं फिरवून सोयीच्या जागी आणायचं. जर्मन आणि ऑस्ट्रियन सायकलींमध्ये पॅडल उलटं दाबणं हाच बऱ्याचदा मागचा ब्रेक असतो. नवऱ्याने पासाउच्या दगडी गल्लीत, हळूहळू चाललेली असताना, नेहमीच्या सवयीने पाय मागे फिरवला. सायकल जागच्या जागी थांबली, तो थांबला नाही. समोरच्या बाकावर बसलेल्या दोन आजोबांनी उठून त्याला हात दिला आणि नंतर पॅडल हाताने फिरवून ब्रेक कसा लागतो ते अगदी मन लावून समजावून सांगितलं. ते त्याला आधीच समजलं होतं. तेव्हा अशी सायकल मिळाली तर पहिला तास रिकाम्या मैदानात काढा आणि थांबण्यापूर्वीच एक पॅडल वर येईल अशी सवय लावा. गिअर बाहेरचे (मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये बंद नसलेले) हवेत आणि दोन्ही ब्रेक हाताचे हवेत असं बुकिंगच्या वेळीच कळवलं तर प्रश्नच मिटतो.

तसंच उजवीकडून चालवण्याचं. सरळ रस्त्यावर काही अडचण येत नाही. चौकात डावीकडे वळताना आणि सकाळी हॉटेलातून बाहेर पडताना पाय आपोआप डावीकडे जातो. आरसा लावणार असाल तर तो डाव्या हँडलला लावा. पहिले काही दिवस मागच्याने पुढच्याला प्रत्येक वळणाला "उजवीकडे!" असं ओरडून सांगायचं ठरवा. भांडण होईल, पण होऊ द्या.

सराव घरच्या रस्त्यावरच करा, पण सलग दोन दिवस. एका दिवसात पानशेतला जाऊन येणं बऱ्याच जणांना जमतं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसायला जीवावर येतं. डॅन्यूबवर रोज पन्नास-साठ किलोमीटर पुरतात, पण ते रोज करायचे असतात. पॅडवाली सायकलची चड्डी दोन-दोन घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं हे आधीच माहीत असू द्या. कैलास जीवनची डबी न्याच. बाकी कपड्यांबद्दल फार लिहीत नाही: एक चांगला रेनकोट, संध्याकाळी घालायला एक पातळ स्वेटर, लवकर वाळणारे दोन जोड. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि दुपारी वादळी सरी येतात.

पुराची मात्र चौकशी करा. पासाउ हे तीन नद्यांच्या संगमावरचं गाव, डॅन्यूब, इन आणि इल्झ. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा रंगवलेल्या आहेत. जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, त्याआधी एवढा पूर १५०१ साली आला होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये खालच्या भागात, लोअर ऑस्ट्रियात, मोठा पूर आला. सायकलची वाट नदीला इतकी चिकटून आहे की पाणी चढलं की सगळ्यात आधी तीच बंद होते. निघण्याच्या आठवड्यात बातम्या बघा आणि एखाद्या टप्प्याला रेल्वेचा पर्याय डोक्यात ठेवा. लोकल गाड्यांत जागा असेल तर सायकल घेतात, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत सायकलचं वेगळं आरक्षण लागतं आणि त्या जागा मोजक्या असतात. ऐन पावसात फलाटावर उभं राहून हे समजणं वाईट.

आता हत्यारांची पिशवी. चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या ॲलन की, टायर लिव्हर, ठिगळं, सँडपेपरचा तुकडा, पंप, प्लॅस्टिकच्या केबल टाय आणि पंपाभोवतीच गुंडाळून ठेवलेली थोडी चिकटपट्टी. हत्यारं चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पंक्चरचं सोल्युशन ज्वालाग्राही असतं, विमानात नेऊ नका, तिकडे विकत घ्या. आणि ही पिशवी जो मागून चालवतो त्याच्याकडे द्या. पुढच्याचं पंक्चर झालं तर मागचा येतोच. मागच्याचं झालं तर पुढच्याला पत्ता नसतो.

माझं पंक्चर झालं ग्राइनच्या अलीकडे, मागच्या चाकाचं, आणि पिशवी पुढे. फोन लागेपर्यंत नवरा कॉफी पिऊन झाला होता. तो परत आल्यावर लक्षात आलं की हबमधले गिअर आणि पॅडलचा ब्रेक असलेलं मागचं चाक काढणं हे रस्त्याच्या कडेला करायचं काम नव्हेच. गिअरची केबल सोडवा, ब्रेकचा दांडा फ्रेमपासून सोडवा, मग चाक. आपल्याकडचा पंक्चरवाला चाक न काढताच काम करतो ते आठवलं. टायरची एक बाजू रिमवरून उतरवली, ट्यूब हाताने बाहेर ओढली, थोडी हवा भरली आणि नदीच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले. बुडबुडा अगदी बारीक, दोन-तीन सेकंदांनी एक. बोट ठेवून खूण केली, ट्यूब टीशर्टला पुसली, सँडपेपर, सोल्युशन, फुंकर, ठिगळ. टायर परत चढवण्यापूर्वी आतून हात फिरवला तर काचेचा तांदळाएवढा तुकडा तिथेच रुतलेला. तो काढला नसता तर पुढच्या गावात पुन्हा हेच. हे काम निघण्यापूर्वी घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे उभं राहून एकदा बघून घ्या, जमल्यास त्याला पैसे देऊन स्वतः करा.

चुकामूक हा यादीतला सगळ्यात मोठा मुद्दा, आणि सामानाच्या यादीत तो कधीच येत नाही. दोन्ही काठांना वाट असणं ही सोय आहे तशीच आफतही. मेल्क दक्षिण काठावर. तिथला मठ बघून निघालो, मी पूल ओलांडून एमर्सडॉर्फच्या बाजूला गेले, कारण रात्री ठरलेलं तसं होतं. नवरा दक्षिण काठानेच सुटला, कारण सकाळी ठरलेलं तसं होतं. वाखाउ खोऱ्यातला हा तुकडा फार देखणा, द्राक्षांचे मळे, जर्दाळूची झाडं. पण मेल्कनंतर थेट क्रेम्ससमोरच्या माउटर्नपर्यंत, तीसेक किलोमीटर, नदीवर एकही पूल नाही. मी विलेनडॉर्फला थांबले, जिथे १९०८ साली 'विलेनडॉर्फची व्हीनस' ही अश्मयुगातली प्रसिद्ध दगडी स्त्रीमूर्ती सापडली. नवरा पलीकडच्या काठावर, आगश्टाइनच्या पडक्या किल्ल्याच्या आसपास. फोनवर आमचं बोलणं असं:

"कुठे आहेस?"
"नदीकाठी."
"अरे, मी पण नदीकाठीच आहे!"

यावर उपाय काठावरच उभा असतो. डॅन्यूबवर किलोमीटरचे फलक आहेत आणि ते समुद्राकडून मोजलेले आहेत, म्हणजे तुम्ही जाल तसा आकडा कमी होत जातो. पासाउजवळ तो २,२२५ च्या आसपास असतो, व्हिएन्नात १,९३० च्या आसपास. फोनवर फक्त आकडा आणि "प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावा की उजवा काठ" एवढं सांगायचं. आमची गाठ पडली ती श्पिट्झ आणि आर्न्सडॉर्फमधल्या तरीवर, म्हणजे पलीकडच्या काठाला नेणाऱ्या बोटीवर. ही बोट इंजिनाशिवाय, तारेला बांधलेली, केवळ प्रवाहाच्या जोरावर पार होते. नवरा तिच्यावर उभा राहून हात हलवत होता. मी हलवला नाही.

तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी दुसऱ्या दिवसाचा काठ ठरवा आणि तो सकाळी बदलायचा नाही. पुढचा असेल त्याने प्रत्येक पुलाशी, तरीशी आणि फाट्याशी थांबायचं, मागचा दिसेपर्यंत. दोन्ही फोनमध्ये सिमकार्ड हवं, दोन्हींत नकाशा डाउनलोड केलेला हवा. चालवताना फोन हातात धरायला तिकडे बंदी आहे. श्लोगेनच्या वळणावर नदी जवळजवळ उलटी फिरते आणि उत्तर काठाची वाट मध्येच खडकांत संपते, तिथे बोट घ्यावीच लागते. या बोटी हंगामापुरत्या आणि ठरावीक वेळेतच चालतात, शेवटची फेरी कधी ते आधी बघा.

रोख पैसे दोघांकडे विभागून ठेवा, बोटीवर आणि छोट्या खानावळीत कार्ड चालेलच असं नाही. किल्ल्यांचंही तसंच. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी गाडी सकाळी लवकर येते. कुलपाच्या दोन किल्ल्या मिळतात, एक-एक गळ्यात अडकवा. आमच्या दोन्ही किल्ल्या एकाच बॅगेच्या एकाच कप्प्यात गेल्या आणि एकमेकींना कुलूपबंद केलेल्या दोन सायकली घेऊन आम्ही हॉटेलच्या अंगणात दुपारपर्यंत बसलो. मालकीणबाईंनी सूप पाठवलं, ते बीफच्या पाण्यातलं होतं.

म्हणून शाकाहाऱ्यांनी सूपचं आधी विचारावं. चीज घातलेले श्पेट्झलं (मऊ नूडल्ससारखा प्रकार), बटाट्याचे प्रकार आणि वाखाउत जर्दाळूचे गोड गोळे यावर पोट भरतं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत दुकानं मिटतात आणि रविवारी उघडत नाहीत, मोठ्या स्टेशनातलं एखादं सोडून. तेव्हा शनिवारीच ब्रेड आणि फळं घेऊन ठेवा. घरून खाकरा, चिवडा, चटणीची पुडी न्या. पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी इथेच राहू द्या, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. वाटेत कारंजी आणि दफनभूमीतले नळ दिसतील, तिथे "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

नदीकाठच्या गवतात गोचीड असतात, त्यासाठी बारीक चिमटा हवा, आणि मेंदूज्वराच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. तातडीला ११२, ऑस्ट्रियात नुसती रुग्णवाहिका हवी असेल तर १४४.

सायकली परत देताना दोन्ही सायकलींचे चारही बाजूंनी फोटो काढा, घेताना काढलेले सोबत दाखवा आणि पावती मागून घ्या. आणि व्हिएन्नातली खोली लिफ्ट असलेल्या इमारतीत बुक करा. स्वस्तात जुन्या इमारतीतला चौथा मजला घ्यायचा मोह होईल. गुडघ्यांना विचारून घ्या.