या चुका टाळा : हक्काची पंचवीस टक्के आणि उसना प्रकल्प

दरवर्षी कॉलेजात पहिल्या तासाला मी नियमांचा कागद वाचून दाखवतो. पोरं मोबाइलवर त्याचा फोटो काढतात आणि परीक्षेच्या तोंडावर येऊन विचारतात, "सर, हजेरी किती लागते ओ?"

७५ टक्के लागते. याचा अर्थ २५ टक्के रजा हक्काची, असा पोरांनी परस्पर लावलेला आहे. चार क्रेडिटच्या विषयाचे तास ६०. त्यातले ४५ भरायचे, म्हणजे हातात उरले १५. पंचगंगा पात्राबाहेर आली की गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येतं, एस.टी. बंद, तिकडच्या पोरांचे चार-पाच तास तिथंच जातात. उरलेले गणपतीच्या मंडपात आणि रंकाळ्यावर. मग ऑक्टोबरात खरोखर डेंगी होतो, तेव्हा शिल्लक काही नसते. माझा उपाय जुनाट आहे: वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार, चुकलेल्या तासाला एक रेघ. आठवी रेघ पडली की घाबरायला लागायचं.

आजारपणाचा दाखला आणा, पण ज्या दिवशी टायफॉइड होता त्याच दिवसाचं जोतिबाच्या डोंगरावरचं स्टेटस ठेवू नका. मलाही दिसतं ते.

परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. आधारवरचं आणि बारावीच्या गुणपत्रकावरचं नाव एकसारखं आहे का, ते आत्ताच बघा. नाही तर क्रेडिट बँकेचा, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, १२ अंकी क्रमांक काढतानाच अडकाल.

आता प्रकल्प. यावर मी जरा जास्तच बोलतो, पण कारण आहे.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका पोरानं गुऱ्हाळांवर प्रकल्प दिला. अक्षरजुळणी सुबक, आलेख रंगीत. तेविसाव्या पानावर वाक्य होतं: 'सर्व बागायतदारांनी बेदाणा शेडचे भाडे परवडत नसल्याचे सांगितले.' गुऱ्हाळात बेदाणा! द्राक्षांवरचा कुणाचा तरी प्रकल्प घेऊन 'द्राक्ष' येईल तिथं 'ऊस' केलं होतं, 'बेदाणा' तेवढा राहून गेला. तोंडी परीक्षेत विचारलं, "गुऱ्हाळ बघितलंयस का कधी?" मान खाली घालून म्हणाला, "चुलत्याचंच हाय, सर."

मला राग कॉपीचा आला नाही, या उत्तराचा आला. घरात उसाच्या रसाची काहील उकळतेय आणि हा सायबर कॅफेतून पेन ड्राइव्ह भरून आणतो! परत पाठवला. चौथ्या दिवशी आला तेव्हा वहीत हातानं लिहिलेलं होतं: रसातली मळी काढायला रानभेंडी किती लागते, गूळ करणाऱ्या गुळव्याची मजुरी, एका आधणाला, म्हणजे काहिलीभर रसाला, चुलवाणात किती चिपाड जातं, गुळाच्या ३० किलोच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, त्या हंगामात काय दर मिळाला. व्याकरण धड नव्हतं, तरी गुण चांगले दिले.

हल्ली पेन ड्राइव्हची जागा एआयनं घेतलीय. पोरं म्हणतात, वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात काय करता, ते मी कॅन्टीनमध्ये बघतो. वर 'प्लॅगरिझम (म्हणजे उचलेगिरी) किती चालतो?' हाही प्रश्न असतोच. प्रबंधांसाठी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८चा नियम आहे: १० टक्क्यांपर्यंत साधर्म्याला शिक्षा नाही, ४० पर्यंत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पोरांना यातला १० चा आकडा तेवढा पाठ असतो, जणू तेवढं ढापायची मुभाच आहे.

मार्गदर्शकाकडं मसुदा महिनाभर आधी न्या. आदल्या रात्री अकराला 'सर, बघता का?' असा मेसेज आला तर मी बघत नाही, झोपतो.

गुण कमी पडले म्हणून थेट भांडायला येऊ नका. मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, वाचा, मग या.

आणि बाइंडिंगला टाकण्याआधी पानं मोजा. दरवर्षी एकाचं तरी अनुक्रमणिकेचं पान उलटं बसलेलं असतं, आणि झेरॉक्सवाल्यानं केलं म्हणून सांगतात.