संख्यांचे वाचन, लेखन आणि तुलना : लहान मुलांना कसे शिकवावे

एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला संख्या कळतात, असे मानण्याची घाई करू नये. त्याच्यासमोर सात मणी ठेवून ते मोजायला सांगावेत आणि मोजून झाल्यावर ‘एकूण किती?’ असे विचारावे. जे मूल ‘सात’ न म्हणता पुन्हा एकपासून मोजू लागते, त्याला मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हीच एकूण संख्या असते, हे अजून उमगलेले नसते. तेच मणी लांब अंतरावर मांडले की ते जास्त झाले असेही अनेक लहान मुलांना वाटते; स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या प्रयोगांमुळे हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. अशा वेळी समजावत बसण्यापेक्षा दोन रांगांतील मण्यांच्या जोड्या लावू द्याव्यात, म्हणजे कोणत्या रांगेत मणी उरतात ते मुलाला स्वतःलाच दिसते, आणि तुलनेची सुरुवातही तिथेच होते.

एक ते नऊ या संख्यांची अशी ओळख झाल्यावर अंक लिहायला घ्यावेत. ३ आणि ६ हे आकार जवळजवळ एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारखे आहेत, तर १ आणि ९ यांतही मुलांची गल्लत होते. त्यामुळे या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. पानभर गिरवून घेण्यापेक्षा हवेत किंवा वाळूत बोटाने मोठा अंक काढून घेणे आणि लेखणी कुठून सुरू होऊन कोणीकडे वळते याकडे लक्ष वेधणे अधिक उपयोगी ठरते. अधूनमधून अंक उलटा काढला, तर या वयात त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

खरी कसोटी दोन अंकी संख्यांची असते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस, पण लिहिताना २ आधी येतो. म्हणून मूल ५२ लिहिते. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येतात, म्हणून ते ४९ लिहिते. त्यातही एकोणऐंशीपर्यंत चाललेला हा प्रघात नव्व्याऐंशी आणि नव्व्याण्णव येथे मोडतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. तरीही रूढ नावाकडे जाण्याची पायरी म्हणून ती रीत वापरण्यात गैर काही नाही, असे माझे मत आहे. पंचवीस काड्या घेऊन दहा-दहांचे दोन गठ्ठे बांधावेत, पाच काड्या सुट्या ठेवाव्यात, ‘दोन दशक, पाच एकक’ असे म्हणवून घ्यावे, मग २५ लिहावे आणि शेवटी ‘पंचवीस’ हे नाव घ्यावे. गठ्ठा मुलाने स्वतः बांधावा आणि सोडावा, कारण आयता गठ्ठा त्याच्या दृष्टीने एकच वस्तू असते. पुढे एकशे पाचसाठी १००५ लिहिणाऱ्या मुलाला १०० लिहिलेल्या पट्टीवर ५ ची पट्टी उजवी कड जुळवून ठेवायला द्यावी, म्हणजे ५ खाली झाकले गेलेले शून्य आणि मधले टिकून राहिलेले शून्य असे दोन्ही त्याच्या ध्यानात येते.

तुलनेसाठी ३९ आणि ४१ अशी जोडी मुद्दाम निवडावी, कारण ९ पाहून ३९ मोठी म्हणणारे मूल सुट्या अंकांची तुलना करत असते, संख्यांची नव्हे. दोन्ही संख्या गठ्ठ्यांनी मांडून आधी दशक आणि ते समान असतील तरच एकक पाहण्याची सवय लावावी. < आणि > ही चिन्हे अगदी शेवटी द्यावीत. उघडी बाजू मोठ्या संख्येकडे, एवढे सांगणे चिन्ह काढण्यापुरते ठीक आहे. पण ३९ < ४१ हे ‘एकोणचाळीस ही एक्केचाळीसपेक्षा लहान’ असे डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचून घ्यावे आणि मग तीच जोडी ४१ > ३९ अशी उलट लिहून पुन्हा वाचायला सांगावी.