लहानग्यांना घेऊन वनस्पती उद्यानात: तीन झाडं पुरेत

माझी थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीन. दोघांना घेऊन वनस्पती उद्यानात जायचं ठरलं की मी आदल्या रात्री एकच काम करते: तीन झाडं निवडते. सगळं उद्यान बघायचा बेत नसतो. तिन्हींपाशी भरपूर वेळ मिळाला, तर मुलं ती झाडं विसरत नाहीत.

निवड करताना एक बघते, झाड काहीतरी 'करतं' का? नुसतं सुंदर फूल मुलांना क्षणभर पुरतं. लाजाळूचं तसं नाही. बोट लावलं की पानं मिटतात, कारण देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींमधलं पाणी झटकन निघून जातं. पाणी परत भरलं की काही मिनिटांनी पानं उघडतात, आणि ते उघडणं बघायला मुलांना थांबवायलाच हवं. मिटणं सगळे बघतात, उघडणं फार थोडे.

माशा पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपला मात्र बोट लावू देऊ नका. त्याच्या पानावरच्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच सापळा मिटतो. पावसाचा एखादा थेंब पडल्यावर उगीच मिटायला नको म्हणून ही सोय. एक सापळा मोजक्याच वेळा मिटू शकतो, भक्ष्य नसताना मिटला तर झाडाची शक्ती फुकट जाते. हे सांगितल्यावर माझ्या धाकट्याने हात स्वतःहून मागे घेतला. 'हात लावू नको' यापेक्षा कारण सांगणं कितीतरी जास्त काम करतं.

दुसरं झाड मोठं निवडा. वड असेल तर उत्तम. पारंब्या जमिनीला टेकून खोडासारख्या जाड होतात, हे मुलांना हात लावून कळू द्या. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे 1925 मध्ये काढावं लागलं, आणि झाड पारंब्यांच्या जोरावर आजही उभं आहे. ही गोष्ट कुठल्याही वडाखाली बसून सांगता येते. माझ्या मुलीने लगेच विचारलं, "मग झाड कुठून सुरू होतं?" मला उत्तर आलं नाही. असे प्रश्न घाईघाईने मिटवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तिसरं पाण्यातलं. कुंडात व्हिक्टोरिया कमळ असेल तर त्याचं पान अडीच मीटरपर्यंत रुंद होऊ शकतं. खालच्या बाजूला जाड शिरांची जाळी आणि काटे असतात, कडेला दुमडलेल्या पानात ते दिसतात. फूल पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. पण कुंडापाशी मुलाचा हात धरूनच उभं राहायचं, तिथे गोष्टी सांगण्यात रमायचं नाही.

वेळ सकाळची, दार उघडतानाची. ऊन कोवळं असतं आणि मुलंही ताजी असतात. आत शिरल्यावर आधी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी कुठे आहे ते बघून ठेवा. काचघर शेवटी नको, सुरुवातीला घ्या, तेही थोडाच वेळ. दमट उकाड्यात दमलेलं मूल लगेच रडकुंडीला येतं. सोबत एक भिंग असू द्या. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके भिंगातून दाखवा. तो रोग नसतो, तिथे बीजाणू तयार होतात, फुलाशिवाय वाढणाऱ्या झाडाची पुढची पिढी. हे बघायला वाकावं लागतं, आणि मुलांची उंची त्यासाठी अगदी योग्य असते.

आता जपायच्या गोष्टी. तोंडात काहीच घालायचं नाही, हा नियम दाराबाहेरच ठरवून घ्या. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, सगळंच विषारी. लाल-काळी गुंज तर मुलांना हमखास भुलवते, आणि चावली गेली तर फार घातक ठरते. काही खाल्ल्याचा संशय आला तर वाट बघू नका, झाडाच्या पाटीचा फोटो घेऊन थेट दवाखाना गाठा. फड्या निवडुंगाच्या मोठ्या काट्यांपेक्षा त्याची बारीक केसाळ कुसं जास्त त्रास देतात. ती हातात शिरली तर चोळू नका, चिमट्याने काढा, उरलेल्यांवर चिकटपट्टी लावून अलगद ओढा.

झाडांच्या पाट्या थोरलीला वाचायला देते. लॅटिन नाव अडखळत वाचताना तिला फार मजा येते. पहिला शब्द झाडाची प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातल्या झाडांचा गट सांगतो, म्हणून वड, पिंपळ आणि उंबर या तिघांच्या पाट्यांवर 'फायकस' सापडतं. ते शोधत फिरणं हाच तिचा खेळ.

खाली पडलेली पानं-बिया उचलायलाही काही उद्यानांत मनाई असते, आधी विचारा. परवानगी असली तरी निघताना फाटकापाशीच मुलांचे खिसे उलटे करून बघा. गुंजा असल्या तर तिथेच काढून टाका, आणि खाऊचा डबा उघडण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुवा.