एपीआयच्या चाचणीची तयारी करताना या चुका टाळा

चतुर्थी आटोपली की गोव्यातील होमस्टे, बोटफेऱ्या आणि भाड्याच्या दुचाक्यांची संकेतस्थळे पर्यटन हंगामासाठी सज्ज करण्याची घाई सुरू होते. म्हापसा, पर्वरी, फोंडा येथील लहान सॉफ्टवेअर कार्यालयांत हे काम बहुधा एकदोघांवरच असते. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा), नकाशे किंवा एसएमएस सेवेचा एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याची सोय, जोडताना पहिला अडथळा पुष्कळदा कोडमध्ये नसून एपीआय-की (सेवेने दिलेली गुप्त ओळख), टोकन (ठरावीक मुदतीचा प्रवेश-संकेत) आणि साधनांच्या मांडणीत असतो. तो कोडमध्ये शोधत बसण्यातच सर्वाधिक वेळ वाया जातो. म्हणून कोडची एकही ओळ लिहिण्याआधी कमांड लाइनवरून कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने एक साधी, कोणतीही नोंद न बदलणारी, पण एपीआय-कीशिवाय उत्तर न देणारी रिक्वेस्ट पाठवावी. ती यशस्वी झाली, तर एपीआय-की, पत्ता आणि इंटरनेट जोडणी ठीक आहेत हे कळते आणि पुढचा शोध आपोआप आटोपशीर होतो.

रिक्वेस्ट अयशस्वी झाली, तर आलेले उत्तर संपूर्ण वाचावे. ४०१ हा क्रमांक सर्व्हरने आपली ओळखच मान्य केली नाही असे सांगतो, तर ४०३ म्हणजे बहुधा ओळख पटली, पण या कामाची परवानगी नाही. पहिल्या प्रसंगी एपीआय-की आणि हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहिती) तपासावेत. दुसऱ्या प्रसंगी त्या सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन त्या कीला दिलेले अधिकार पाहावेत. ४०३ आल्यावर पुन्हा पुन्हा नवी की तयार करणारे अनेक जण भेटतात. अधिकार तेच राहिल्यामुळे त्यांचे उत्तरही तेच राहते. ४२९ आल्यास रिक्वेस्टची मर्यादा ओलांडलेली असते. तिथे थांबणे हाच उपाय.

४०१ची कारणे मात्र फार क्षुल्लक असू शकतात. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या कीच्या शेवटी रिकामी जागा येते, हेडरमध्ये टोकनच्या आधी येणाऱ्या ‘बेअरर’ या शब्दानंतर रिकामी जागा द्यायची राहून जाते, किंवा इको कमांडने कीचे बेस-६४ या अक्षरसंकेतात रूपांतर करताना शेवटचे न दिसणारे नवओळीचे चिन्हही रूपांतरात जाते. एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंग ठेवायच्या फाइलमध्ये) की बदलूनही सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तर जुनीच की वापरात राहते, कारण बहुतेक प्रोग्राम ही मूल्ये सुरू होतानाच वाचतात. पोस्टमन या एपीआय तपासण्याच्या साधनात योग्य एन्व्हायर्नमेंट (मूल्यांचा संच) निवडायचे राहिले, तर कीऐवजी व्हेरिएबलचे नावच जसेच्या तसे पाठवले जाते. पोस्टमनच्या कन्सोलमध्ये प्रत्यक्ष गेलेली रिक्वेस्ट दिसते. तर्क करण्यापूर्वी ती पाहावी.

टेस्ट (चाचणीचा) आणि लाइव्ह (खऱ्या व्यवहारांचा) या मोडची सरमिसळ ही याहून गंभीर चूक. रेझरपे या पेमेंट गेटवेची की दोन भागांत असते, की-आयडी आणि सीक्रेट; त्यांपैकी की-आयडीमध्ये ती टेस्टची आहे की लाइव्हची, हे सुरुवातीलाच लिहिलेले असते. तरीही की-आयडी टेस्टचा आणि सीक्रेट लाइव्हचे अशी जोडी सहज बनते. टेस्टमध्ये तयार झालेली ऑर्डर लाइव्हमध्ये सापडत नाही, हेही ध्यानात असावे. दोन्हींसाठी स्वतंत्र फाइली ठेवाव्यात आणि प्रोग्राम सुरू होताना कोणता मोड चालू आहे ते लॉगमध्ये लिहावे, मात्र की लिहू नये. रेझरपेमध्ये रक्कम पैशांत द्यायची असते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० असे पाठवावे लागते. टेस्टमध्ये प्रत्यक्ष पैसे जात नसल्यामुळे रुपये-पैशांची गल्लत लक्षात येत नाही आणि थेट पाहुण्याच्या बँक खात्यावर उमटते.

पावसाळ्यात वीज गेल्यावर ब्रॉडबँड बंद पडते आणि आपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम पुढे चालू ठेवतो. त्यासरशी आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक, बदलतो. ज्या सेवेने ठरावीक आयपी पत्त्यांनाच परवानगी दिलेली असते, ती सकाळी चाललेली तीच रिक्वेस्ट दुपारी नाकारते. अशा चाचण्या स्थिर आयपी असलेल्या सर्व्हरवरूनच कराव्यात. लॅपटॉपचे घड्याळही तपासावे, कारण टोकनची मुदत आणि रिक्वेस्टवरील स्वाक्षरी (ती खरी असल्याचा सांकेतिक पुरावा) वेळेवर अवलंबून असतात. ॲमेझॉनच्या एस-३ या फाइली साठवण्याच्या सेवेला १५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर घड्याळ नेमके साडेपाच तास मागेपुढे झालेले आढळते. विंडोज यंत्रातील घड्याळाची वेळ स्थानिक मानते आणि लिनक्स सहसा ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते.

वेबहूकवर, म्हणजे गेटवे स्वतःहून आपल्या सर्व्हरला पाठवतो त्या सूचनेवर, थोडे अधिक थांबायला हवे. गेटवेला आपल्या लॅपटॉपवरील लोकलहोस्टपर्यंत (त्याच यंत्रावर चालणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोहोचता येत नाही. त्यासाठी बाहेरून लॅपटॉपपर्यंत वाट करून देणारे एनग्रोकसारखे टनेल लागते आणि त्याचा पत्ता बदलला की डॅशबोर्डवरही बदलावा लागतो. रेझरपेमध्ये वेबहूकचे सीक्रेट एपीआयच्या सीक्रेटपेक्षा वेगळे असते, आणि स्वाक्षरी पडताळायची ती आलेल्या मूळ मजकुरावर, जेसन (माहिती पाठवण्याची मजकुरी मांडणी) उलगडून पुन्हा बांधलेल्या मजकुरावर नव्हे. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत जेसन पुन्हा बांधताना देवनागरी अक्षरे युनिकोडच्या सांकेतिक रूपात बदलली जातात. त्यामुळे इंग्रजी नावांवर सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही नोंदीत कुणी आपले नाव मराठीत लिहिले की स्वाक्षरी जुळेनाशी होऊ शकते. आपल्याकडे अशी नावे येणारच. चाचणीच्या नमुन्यात ती पहिल्या दिवसापासून असावीत.

सीक्रेट चुकून गिटमध्ये (कोडमधील प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात) गेले, तर फाइल पुसून नवी कमिट (बदलाची नोंद) केल्याने काहीच साधत नाही. इतिहासात ते तसेच राहते. आधीपासून गिटमध्ये असलेल्या फाइलवर गिटइग्नोरचाही (वगळायच्या फाइलींच्या यादीचाही) परिणाम होत नाही. प्रथम ती की रद्द करून नवी घ्यावी, इतिहासाची सफाई त्यानंतर करावी. टेस्टची आहे म्हणून सीक्रेट सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवण्याची सवय विद्यार्थिदशेतच मोडायला हवी, कारण लाइव्ह कीसुद्धा पुढे त्याच फाइलमध्ये, त्याच हातांनी ठेवली जाते.

शेवटी मालकीचा प्रश्न. गेटवेचे खाते डेव्हलपरने स्वतःच्या ईमेलवर उघडू नये. ते होमस्टेच्या मालकाच्या नावे, त्यांच्याच केवायसीवर असावे आणि डेव्हलपरला टीम सदस्य म्हणून आवश्यक तेवढाच प्रवेश मिळावा. लाइव्ह सीक्रेट तयार होते त्याच वेळी दिसते, नंतर पुन्हा पाहता येत नाही. म्हणून ते मालकाला समोर बसवून तयार करावे, थेट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये भरावे आणि चॅटवर कुणालाही पाठवू नये.