समितीची मतं स्वतः कशी काढायची

निकालादिवशी टीव्हीवर पक्षांची पट्टी फिरते, त्यात म. ए. समिती, म्हणजे बेळगावचा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती, कुठंच नसते, आणि मग आपलीच पोरं म्हणतात समिती संपली. असं बोलायच्या आधी एकदा स्वतः आकडे काढून बघा की, मला तरी त्याशिवाय बोलणं पटत नाही.

समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष असतात, त्यामुळं निवडणूक आयोगाच्या साईटवर पक्ष शोधत बसू नका, मतदारसंघ उघडून अपक्षांत नाव बघा. २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर जिंकलं तेपण अपक्षांच्याच खात्यात आहे. २०१८ आणि २०२३ ला एकही जागा नाही, पण २०२३ ला दक्षिणमध्ये समिती दुसऱ्या नंबरवर होती.

खरं काय ते फॉर्म २० मध्ये कळतं. बूथवार मतांचा तक्ता असतो, कर्नाटकच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर पीडीएफ मिळते. एका ओळीत एक बूथ, उमेदवारांचे रकाने, अपक्ष शेवटी. गावाचं नाव नसतं, नुसता बूथ नंबर, म्हणून मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडून ठेवा, कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्याला जवळ बसवून घ्या. आपल्या गावचे, समजा उचगावचे, सगळे बूथ वहीत उतरवा आणि वैध मतांतली टक्केवारी काढा. मागच्या निवडणुकीशी ताडताना नंबरवर जाऊ नका, तो बदलतो, शाळेचं नाव जुळवा. २००८ च्या आधीचे आकडे तर लावूच नका, मतदारसंघांच्या पुनर्रचनेत उचगाव मतदारसंघच गेला.

खानापूरचं २०१८ काढताना समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार होते हे विसरू नका. दोघांची मतं वेगळी लिहा आणि बेरीजपण लिहा, फूट कुठल्या गावात किती नडली ते तिथंच दिसतं.

लोकसभेला आणखी एक घोळ. खानापूर उत्तर कन्नडमध्ये जातं, निपाणी चिक्कोडीत, म्हणजे बेळगावच्या आकड्यात ती मतं येतच नाहीत. तरी २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला १,१७,१७४ मतं पडली, आणि पहिल्या दोन उमेदवारांतला फरक होता नुसता ५,२४० मतांचा. डिपॉझिट वाचायला मात्र वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त लागतात, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती सगळं धरून, मग कसं वाचणार? म्हणून लोकसभेचा हिशोब बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण असा वेगवेगळा काढा, फॉर्म २० मध्ये विधानसभावार पानं असतातच.