अस्तित्वाचे प्रश्न रंगवणाऱ्या चित्रकाराने गॅलरी कशी शोधावी

मृत्यू, एकटेपण किंवा महानगरातील परकेपण अशा विषयांवर काम करणाऱ्या चित्रकाराने मुंबईत गॅलरी शोधताना आधी हे ध्यानात घ्यावे, की १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीची दालने अर्ज करून भाड्याने मिळतात, तर कोणत्या चित्रकाराचे काम दाखवायचे हे खासगी गॅलऱ्या स्वतः ठरवतात. असे विषय भिंतीवर आठवडाभर टांगून फारसे काही साधत नाही. ते वर्षानुवर्षे जोपासणारी गॅलरी लागते.

त्यासाठी आपल्या कामाशी नाते सांगणाऱ्या ज्येष्ठ चित्रकारापासून सुरुवात करून त्याचे काम दाखवणाऱ्या गॅलरीपर्यंत जावे. उदाहरणार्थ, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेल्या सुधीर पटवर्धनांच्या चित्रांतील शहरी माणूस जवळचा वाटत असेल, तर २०१९-२० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवण्यात पुढाकार घेणाऱ्या ‘द गिल्ड’ या गॅलरीत आणखी कोणत्या चित्रकारांचे काम असते, ते तपासावे. १९६३ पासूनची केमोल्ड ही गॅलरी आता फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर आहे; तीही याच पद्धतीने पाहावी.

गॅलरीचे स्वतःविषयीचे निवेदन बहुधा गुळगुळीत असते, म्हणून गेल्या काही वर्षांतील प्रदर्शनांची यादी वाचावी. प्रत्यक्ष गेल्यावर दोन चित्रांमध्ये किती मोकळी भिंत सोडली आहे, हेही पाहावे, कारण अबोल चित्राला दाटीवाटी मारक ठरते.

पोर्टफोलिओ उद्घाटनाच्या गर्दीत कोणाच्या हाती देऊ नये. गॅलरी नवे काम पाहते का, हे आधी विचारून एकाच मालिकेतील दहा-बारा चित्रे माप, माध्यम व वर्षासह पाठवावीत, आणि सोबतच्या अर्ध्या पानाच्या टिपणात तत्त्वज्ञांची अवतरणे टाळावीत.