अँटिप्रोटॉन प्रयोगाचं डिटेक्टर आणि रीडआउट: या चुका टाळा

अँटिप्रोटॉनच्या (प्रोटॉनच्या प्रतिकणाच्या) प्रयोगात कण टिपणारा डिटेक्टर आणि त्याचे सिग्नल वाचणारं रीडआउट पहिल्यांदा एकत्र जोडतात, त्या दिवशी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘टेबलावर तर नीट चालत होतं.’ ते खोटं नसतं. सेन्सर चांगला असतो, चिपही चांगली असते. घोळ असतो तो त्यांना जोडणाऱ्या गोष्टींत: ग्राउंड, केबल, क्लॉक, तापमान, वीजपुरवठा. तरी नॉइज दिसला की आधी फ्रंट-एंड बोर्ड (सेन्सरला लागूनचं सर्किट) बदललं जातं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कण कसे येतात ते न पाहता सर्किट आखणं

‘अँटिप्रोटॉन प्रयोग’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गरजा येतात. सर्नच्या अँटिप्रोटॉन डिसेलरेटरमधून सुमारे ३ कोटी कण एका झटक्यात, एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात बाहेर पडतात आणि पुढचा झटका दीड-दोन मिनिटांनी येतो. त्यांची ऊर्जा ५.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एलेना नावाची छोटी रिंग ती १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत उतरवते आणि मग कण सापळ्यात पकडले जातात. उलट जर्मनीत डार्मस्टाटला उभ्या राहत असलेल्या फेअर संकुलातल्या पांडा प्रयोगाची आखणी अखंड माऱ्यासाठी आहे: साठवण रिंगमध्ये फिरणारे अँटिप्रोटॉन आणि सेकंदाला सरासरी २ कोटी टकरी.

झटक्याच्या बाजूची नेहमीची चूक म्हणजे प्रीॲम्प (सेन्सरचा सिग्नल वाढवणारं पहिलं सर्किट) फक्त लहान सिग्नलवर तपासणं. सापळ्यात कण सोडताना त्यांतले बरेचसे फॉइलवर आणि भिंतींवरच नष्ट होतात. एका अँटिप्रोटॉनच्या विनाशातून (साध्या पदार्थाला भिडून नष्ट होण्यातून) सुमारे १८७७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते, सरासरी ३ विद्युतभारित पायॉन (अल्पजीवी कण) निघतात, शिवाय उदासीन पायॉनपासून गॅमा किरण येतात. हे लाखो-कोटींच्या संख्येनं एकदम घडलं की प्रीॲम्प छताला टेकतो, म्हणजे संतृप्त होतो. पुढे त्याच डिटेक्टरनं अँटिहायड्रोजनचे (अँटिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन मिळून झालेल्या अणूचे) एकेक विनाश मोजायचे असतात. लक्षण ओळखायला सोपं आहे: झटक्यानंतर काही काळ हिट (कण लागल्याच्या नोंदी) गायब किंवा बेसलाइन (सिग्नल नसतानाची पातळी) तिरकी, आणि सगळ्या चॅनेलवर एकाच वेळी. पल्सरनं (चाचणीचे पल्स देणाऱ्या उपकरणानं) नेहमीच्या सिग्नलच्या शेकडोपट चार्ज द्या आणि बेसलाइन परत यायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. डेटाशीटमध्ये हा आकडा क्वचितच मिळतो. फोटोमल्टिप्लायर (प्रकाश टिपणारी नळी) असेल तर झटक्यापुरतं त्याचं गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) पाडणारं गेटिंग सर्किट आधीच आराखड्यात धरा. मागाहून बसवायला जागा उरत नाही.

अखंड माऱ्याच्या बाजूला लोक ‘सरासरी’ या शब्दावर विसंबतात. सेकंदाला २ कोटी म्हणजे दोन घटनांत सरासरी ५० नॅनोसेकंद. पण घटना रांगेत येत नाहीत. पुढची घटना १० नॅनोसेकंदांच्या आत येण्याची शक्यता १८ टक्के निघते. पांडाच्या स्ट्रॉ ट्यूब (मधोमध तार असलेल्या गॅसच्या नळ्या) १० मिलिमीटर व्यासाच्या आहेत, त्यांत इलेक्ट्रॉनला तारेपर्यंत पोचायला २०० नॅनोसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्यात सरासरी आणखी ४ टकरी होऊन गेलेल्या असतात. त्यात बीमसमोर गोठवलेल्या हायड्रोजनच्या बारीक गोळ्यांचं लक्ष्य वापरलं तर गोळी बीममधून जाताना दर उसळतो आणि मध्ये पडतो. म्हणून बफरची (डेटा तात्पुरता साठवणाऱ्या मेमरीची) खोली सरासरीवर नव्हे, उसळीवर ठरवा.

चार्ज-सेन्सिटिव्ह प्रीॲम्पची शेपटीही (पल्सनंतर हळूहळू उतरणारा सिग्नल) यातच धरा. ऊर्जा मोजणाऱ्या एका क्रिस्टलवर सेकंदाला १ लाख हिट आणि शेपटीचा काळ २५ मायक्रोसेकंद असेल, तर प्रत्येक नवा पल्स सरासरी अडीच जुन्या पल्सच्या शेपटीवर चढून बसतो. पोल-झीरो (शेपटी कापणारं सर्किट) नीट जुळवलं नसेल तर दर वाढला की ऊर्जेचं शिखर सरकतं. शिखर दराबरोबर सरकतंय की तापमानाबरोबर, हे आधी वेगळं करा. दोन्हींचे उपाय पूर्ण निराळे आहेत.

थ्रेशोल्ड ‘अंदाजानं’ ठेवणं

पांडाच्या रचनेत हार्डवेअर ट्रिगर (कोणती घटना वाचायची हे आधीच ठरवणारं सर्किट) नाही. सिग्नलनं थ्रेशोल्ड (हिट धरण्यासाठी ठरवलेली किमान पातळी) ओलांडला की प्रत्येक चॅनेल स्वतःच हिट ओळखतो, वेळेचा शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. घटना निवडण्याचं काम नंतर संगणक करतात. ट्रिगर असलेल्या प्रयोगात थोडा नॉइज खपून जातो, कारण वाचन क्वचितच होतं. इथे नॉइजचा प्रत्येक हिट हा डेटाच असतो.

आकडे मांडून बघितलं की डोळे उघडतात. समजा शून्य थ्रेशोल्डला नॉइज सेकंदाला ७० लाख वेळा रेषा ओलांडतो. २० नॅनोसेकंदांच्या शेपरला (पल्सला आकार देणाऱ्या सर्किटला) हे साधारण लागू पडतं. थ्रेशोल्ड नॉइजच्या ३ सिग्मावर (प्रमाण विचलनाच्या ३ पटीवर) ठेवला तर एका चॅनेलवर सेकंदाला सुमारे ७८ हजार खोटे हिट मिळतात. ४ सिग्मावर ते अडीच हजारांच्या आत येतात, ५ सिग्मावर २६. चॅनेल १० हजार असतील तर ३ सिग्माला ही बेरीज सेकंदाला जवळजवळ ७८ कोटी होते आणि खऱ्या टकरी २ कोटीच आहेत! ३ आणि ५ मधला फरक म्हणजे डेटा लिंक चालणं आणि तुंबणं यातला फरक.

म्हणून सगळ्या चॅनेलना एकच थ्रेशोल्ड देऊ नका. प्रत्येक चॅनेलचा थ्रेशोल्ड स्कॅन घ्या (थ्रेशोल्ड पायरीपायरीनं सरकवत हिटचा दर मोजा), सिग्मा काढा आणि चॅनेलनिहाय आकडा लिहा. स्कॅनच्या आलेखाचा उतार सरळ गॉसियन नसून मध्ये खांदा दिसत असेल, तर तो थर्मल नॉइज नाही, बाहेरून शिरलेला आवाज आहे. थ्रेशोल्ड वाढवून तो फक्त झाकला जातो.

डिटेक्टर न जोडता नॉइज मोजणं

प्रीॲम्पचा नॉइज इनपुटवरच्या कपॅसिटन्सबरोबर वाढतो. मोकळ्या इनपुटवर मिळालेला सुंदर आकडा अहवालात जातो आणि सेन्सरच्या लांब स्ट्रिप (पट्ट्या), केबल व कनेक्टर लागले की तो दुप्पट-तिप्पट होतो. ३०० मायक्रॉन सिलिकॉनमधून जाणारा कण सुमारे २२ हजार इलेक्ट्रॉनचा सिग्नल देतो. तो दोन शेजारच्या स्ट्रिपमध्ये विभागला गेला तर प्रत्येकीच्या वाट्याला त्याचा भागच येतो. ५ सिग्माच्या थ्रेशोल्डचं गणित त्या भागावर करायला हवं. निदान खऱ्या डिटेक्टरइतका कपॅसिटर तरी लावा.

नुसत्या पल्सरवर भिस्त ठेवू नये याचं आणखी एक कारण आहे. पल्सरचा पल्स स्वच्छ असतो. गॅस डिटेक्टरच्या सिग्नलला मात्र आयनांची लांब शेपटी असते. स्ट्रॉसाठी आयर्न-५५ स्रोत ठेवा. आर्गॉनच्या मिश्रणात ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर आणि त्याखाली ३ च्या आसपास एस्केप शिखर (आर्गॉनचा एक्स-रे निसटल्यानं कमी ऊर्जेचं) दिसलं पाहिजे. दोन्ही एकमेकांत मिसळली असतील तर रिझोल्यूशन बिघडलं आहे: गॅस गळतोय, हाय व्होल्टेज चुकलंय किंवा तार केंद्रात नाही. खालचं शिखर मुळीच दिसत नसेल तर आधी थ्रेशोल्ड पाहा. आणि काहीच स्रोत हाताशी नसेल तेव्हा कॉस्मिक म्युऑन आहेतच, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण १.

ग्राउंड: इथे घाई करू नका

सर्वाधिक वेळ इथेच जातो आणि सर्वाधिक अंधश्रद्धाही इथेच सापडतात. तांब्याची जाड पट्टी दिसेल तिथे जोडणं हा ग्राउंडिंगचा आराखडा नव्हे. हाय व्होल्टेजची केबल, लो व्होल्टेजची केबल, कूलिंगची धातूची नळी आणि डेटा केबलची शील्ड, चारही वाटांनी डिटेक्टर वेगवेगळ्या रॅकना जोडला गेला की मध्ये मोठे लूप तयार होतात. नळीचा लूप सहसा सगळ्यात शेवटी आठवतो. नळीत एक इन्सुलेट करणारा तुकडा टाकला की काम होतं, पण तो द्रव भरायच्या आधी टाकायला हवा.

शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे आणि तीच चालते. बीम बंद, मॅग्नेट बंद, फक्त एक मॉड्यूल चालू. नॉइज नोंदवा. मग एकेक गोष्ट चालू करा: शेजारचं मॉड्यूल, हाय व्होल्टेज, कूलिंगचा पंप, व्हॅक्यूमचा टर्बो पंप, मॅग्नेटचा पॉवर सप्लाय. प्रत्येक पायरीला पुन्हा नोंद घ्या. एका वेळी दोन गोष्टी चालू करायचा मोह टाळा. कच्च्या वेव्हफॉर्मचा फूरिये आलेख काढला तर बरंच कळतं: ५० हर्ट्झ आणि त्याचे गुणाकार म्हणजे मेन्सचा लूप, शेकडो किलोहर्ट्झ ते काही मेगाहर्ट्झवर टोकदार रेषा म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर, क्लॉकच्या फ्रीक्वेन्सीवर रेषा म्हणजे बोर्डवरचं डिजिटल अॅनालॉगमध्ये झिरपतंय. एका चिपचे सगळे चॅनेल एकत्र वर-खाली होत असतील तर तो कॉमन मोड आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये वजा करता येतो, पण ट्रिगरविना चालणाऱ्या चॅनेलनं हिट ठरवून टाकल्यावर वजाबाकीचा काही उपयोग नाही.

मॅग्नेटची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पांडाचा सोलेनॉइड २ टेस्लाचा आहे. नेहमीचं फेराइट अर्ध्या टेस्लाच्या आतच संतृप्त होतं. म्हणजे टेबलावर उत्तम चाललेल्या कन्व्हर्टरच्या कॉइलचा इंडक्टन्स कोसळतो, करंट वाढतो आणि बोर्ड तापतं. हवेच्या गाभ्याची कॉइल वापरा किंवा कन्व्हर्टर क्षेत्राबाहेर न्या. इथरनेटच्या जॅकमध्येही छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, हे विसरलं जातं. ‘मॅग्नेट चालू केला की लिंक तुटते’ या तक्रारीचं उत्तर अनेकदा त्या जॅकमध्येच असतं. आत ऑप्टिकल फायबर न्या. पंख्यांच्या मोटरचाही भरवसा धरू नका.

वेळेचा शिक्का चुकणं

१०० मेगाहर्ट्झवरचा ३२ बिटांचा काउंटर ४२.९५ सेकंदांत शून्यावर येतो. अँटिप्रोटॉनच्या दोन झटक्यांमधला वेळ याहून मोठा असतो, म्हणजे एका सायकलमध्येच काउंटर किमान दोनदा गुंडाळला जातो. टेबलावर अर्ध्या मिनिटाची रन घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. गुंडाळणीची गणती फर्मवेअरमध्ये ठेवा किंवा ठरावीक अंतरानं पूर्ण वेळ सांगणारा शब्द डेटात घाला, तोही हिट नसले तरी.

दुसरी खोड अशी: दोन चॅनेलमधल्या वेळेच्या फरकाचा हिस्टोग्राम काढला की मधलं शिखर सुंदर, पण बरोबर १० नॅनोसेकंदांवर दोन्हीकडे छोटी पिल्लं. हे भौतिकशास्त्र नाही. हिट क्लॉकच्या कडेशी आला की पूर्ण क्लॉक मोजणारा मोठा काउंटर आणि क्लॉकच्या आतलं सूक्ष्म मापन वेगवेगळ्या बाजूंना पडतात आणि उत्तर एका पूर्ण क्लॉकनं चुकतं. मोठ्या काउंटरची अर्ध्या क्लॉकनं सरकवलेली दुसरी प्रत ठेवून योग्य ती निवडा.

एफपीजीएमधल्या (पुन्हा प्रोग्राम करता येणाऱ्या चिपमधल्या) टीडीसीच्या (सूक्ष्म वेळ मोजणाऱ्या सर्किटच्या) डिले लाइनचे घटक सारख्या रुंदीचे नसतात. कॅलिब्रेशनसाठी क्लॉकशी संबंध नसलेले हिट लागतात. पल्सर त्याच क्लॉकवर बांधला असेल तर हिट ठरावीक घटकांतच पडतात आणि कॅलिब्रेशनचं कोष्टक दिसायला ठीक, प्रत्यक्षात निरुपयोगी निघतं. फर्मवेअर पुन्हा कंपाइल केलं की घटकांची जागा बदलू शकते, म्हणून कॅलिब्रेशन फाइलवर फर्मवेअरचा क्रमांक असलाच पाहिजे.

थंड क्रिस्टल, ओली हवा

पांडाचे लेड टंगस्टेट क्रिस्टल उणे २५ अंशांवर चालवायचे आहेत, कारण तिथे प्रकाश खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे चौपट मिळतो. पण प्रकाश दर अंशाला २-३ टक्के बदलतो आणि ॲव्हलांश फोटोडायोडचं (तो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचं) गेनही त्याच दिशेनं सरकतं. तापमान दशांश अंशात स्थिर हवं, आणि सेन्सर क्रिस्टलला चिकटलेला हवा, कूलिंगच्या नळीला नव्हे. गारव्याचा एक तोटाही आहे: किरणोत्सारानं क्रिस्टलमध्ये आलेला धूसरपणा त्या तापमानाला आपोआप भरून येणं जवळजवळ थांबतं. म्हणून प्रकाश-पल्सरची देखरेख पहिल्या दिवसापासून ठेवा.

दव पडणं तर ठरलेलंच. थंड केल्यावर काही तासांनी फोटोडायोडचा लीकेज करंट वाढू लागला, तर आधी कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह आणि ड्यू पॉइंट (दवबिंदू) पाहा.

रीसेट मारून मोकळं होणं

बीम चालू असताना एखादं बोर्ड अचानक बावचळतं, पॉवर बंद-चालू केली की ठीक होतं, आणि विषय तिथेच संपतो. एसरॅम मेमरीवर चालणाऱ्या एफपीजीएत कण आदळून कॉन्फिगरेशनचा एखादा बिट उलटतो, त्याचं हे रूप असू शकतं. बंद-चालू केल्यानं पुरावाच पुसला जातो. रीसेटआधी कॉन्फिगरेशन वाचून मूळ फाइलशी ताडून पाहा आणि उलटलेल्या बिटांची संख्या बीमच्या तीव्रतेसोबत नोंदवा. ती तीव्रतेबरोबर वाढत असेल तर सतत स्क्रबिंग (कॉन्फिगरेशन पुन्हापुन्हा दुरुस्त करणं) लावा आणि स्टेट मशीन (कामाचा क्रम चालवणारं सर्किट) तिप्पट करा. एकही बिट उलटलेला नसेल, तर पुन्हा पॉवर सप्लायच्या केबलकडे वळा.